‘उलटणार तर नाही ना?’ : एका भीतीचा इतिहास

कुंभार पिंपळगावहून बोलतेय. बचत गटांच्या कामामुळे घनसावंगी तालुक्यातल्या बऱ्याच गावांत माझं जाणं असतं. गटाची बैठक संपली, वही मिटली, की बायका खऱ्या बोलायला लागतात. त्या बोलण्यातून कानावर आलेला एक प्रश्न आज घेतला आहे. अंडाशयाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, केमोची सलाइनं झाली, डॉक्टर म्हणाले आता शरीरात रोग दिसत नाही. गावानं पेढे मागितले. आणि त्या दिवसापासून त्या बाईची झोप गेली. पोटात थोडं गुबारलं, कंबर दुखली, की मनात एकच येतं : उलटणार तर नाही ना?

घरातले म्हणतात, ‘आता बरी झालीस ना, मग कशाला रडतेस?’ सासूबाई म्हणतात, ‘चांगलं चिंत, चांगलं होईल.’ त्यांचा हेतू वाईट नसतो. पण ही भीती खुळेपणाची नाही, आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तेव्हा तहाच्या तारखा पाठ केल्या, भीतीचाही इतिहास असतो हे कुणी सांगितलं नाही. तो आज सांगते.

आपल्या आज्यांना, पणज्यांना ही भीती नव्हती. त्या धीट होत्या म्हणून नव्हे. पोटात पाणी झालं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, बाई खंगली आणि गेली, एवढंच त्यांना दिसायचं. ‘पोटात गोळा झाला’ म्हणायचे. कुणी करणी म्हणायचं, कुणी जलोदर. बरं होऊन घरी परत येणारी नव्हतीच, तर पुन्हा होण्याची भीती कुणाला वाटणार? ही भीती औषधाच्या मागून आली. औषध आलं, बाई वाचली, तेव्हा ती जन्मली.

औषधाची सुरुवात आपल्याकडे मुंबईच्या परळला झाली. मेहेरबाई टाटा या जमशेटजींच्या थोरल्या सूनबाई, दोराबजींच्या पत्नी. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्यासाठी धडपडणाऱ्या. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली इंग्लंडजवळच्या वेल्समध्ये त्या वारल्या. परदेशातल्या उपचारासारखा उपचार आपल्या देशात असावा असं दोराबजींच्या मनात आलं. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी काम पुरं केलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. सुरुवातीला खाटा होत्या ८०. आज गावाकडं ‘टाटाला नेलं’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. टाटा म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं.

त्याच परळला एक मराठी बाई काम करत होती. तिचं नाव आपल्या पोरींना शाळेत शिकवायला हवं. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. त्या अमेरिकेत शिकून आल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी शरीराच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. तशी ती देशातली पहिली. स्तनाचा कर्करोग आणि घराण्यातून येणारा वारसा यांचा संबंध असावा, हे लवकर ओळखणाऱ्यांत त्यांचं नाव येतं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. उतारवयात त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या आहाराची पाहणी करत फिरल्या, खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिकवत राहिल्या. प्रयोगशाळेतली बाई पायवाटेनं वाडीवस्तीवर आली, हे मला त्यांच्या पदकापेक्षा मोठं वाटतं.

वारशाचा मुद्दा इथं मुद्दाम काढला. बरी झालेली बाई फक्त स्वतःसाठी भीत नाही. ‘माझ्या पोरीला होईल का?’ हा प्रश्न तिच्या प्रश्नाला जोडूनच येतो. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांना असे दोन जनुक सापडले की ज्यांत बिघाड असला तर स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कर्करोगांचा धोका वाढतो. हा बिघाड आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, हे ध्यानात ठेवा. नाहीतर सगळं खापर सुनेच्या माहेरावर फुटतं. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या बहुतेक जणींचा रोग घराण्यातून आलेला नसतो. पण रक्ताची तपासणी करून ते बघता येतं. तिचा निकाल पोरीच्या आणि बहिणीच्या कामी येतो, आणि त्या बाईला पुढं कोणतं औषध द्यायचं तेही त्यावर काही वेळा ठरतं. तेव्हा डॉक्टरला विचारा. लग्न जमणार नाही म्हणून पोरीपासून लपवू नका.

आता औषधांकडं येते. ही गोष्ट मला फार आवडते. अंडाशयाच्या कर्करोगावर दोन मोठी औषधं आहेत. एक आलं धातूतून आणि दुसरं झाडाच्या सालीतून. धातू म्हणजे प्लॅटिनम, सराफाच्या दुकानातल्या अंगठीतला. १९६५ साली अमेरिकेत रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जंतूंची वाढ थांबली, पण ती विजेमुळे नव्हती. विजेच्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून काहीतरी पाण्यात उतरत होतं, त्यामुळे थांबली होती. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आलं. १९७८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. उलट्यांनी माणूस गळून जायचा, पण वाचायचा. पुढं त्याचंच सौम्य भावंड कार्बोप्लॅटिन आलं. आज आपल्या बायकांच्या फाइलवर बहुधा तेच नाव असतं.

सालीतल्या औषधाची नाळ आपल्या नंदुरबारशी जुळते. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले. तिथं मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी यू नावाच्या झाडाच्या सालीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि १९७१ साली त्याची रचना जगापुढं मांडली. त्यालाच टॅक्सॉल म्हणतात. आपल्या फाइलवर पॅक्लिटॅक्सेल लिहिलेलं असतं. १९९२ साली अमेरिकेत ते अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झालं. सुरुवातीला औषध इतकं थोडं निघायचं की त्यासाठी जंगलातली झाडं तोडली जात. पुढं त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाच्या पानांपासून ते बनवण्याची रीत सापडली, तेव्हा झाडंही वाचली आणि बायकाही. याच दोघांनी त्याआधी एका चिनी झाडातून आणखी एक द्रव्य शोधलं होतं. त्यापासून पुढं बनलेलं एक औषध आज कुणासाठी वापरतात, माहीत आहे? ज्यांचा अंडाशयाचा रोग उलटला आहे त्यांच्यासाठी. म्हणजे नंदुरबारच्या या माणसाचा हात पहिल्या उपचारातही आहे आणि उलटलेल्या रोगाच्या उपचारातही.

आता कडू भाग. अंडाशय पोटात खोल बसलेलं असतं. रोग बहुतेक वेळा उशिरा सापडतो, पोटात पसरल्यावर. अशा पुढच्या टप्प्यात सापडलेल्या निम्म्याहून जास्त जणींना उपचारानंतर तो पुन्हा गाठतो. बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. हे मी भीती घालायला सांगत नाही. घरात जे म्हणतात, ‘उगीच मनाचे खेळ आहेत,’ त्यांनी ऐकावं म्हणून सांगते. ती बाई उगीच भीत नाही. ज्या शेतकऱ्याचं पीक एकदा गारपिटीत गेलं तो पुढच्या फाल्गुनात आभाळाकडं बघतोच, त्याला कुणी वेडा म्हणत नाही.

तिच्या मनाच्या या अवस्थेला शास्त्रात जागा मिळाली ती १९८५ साली. अमेरिकेत फिट्झह्यू मुलन नावाचे डॉक्टर होते. ऐन तरुणपणी त्यांना स्वतःला छातीत कर्करोगाची गाठ झाली होती. त्यांनी लिहिलं की रोग्याचे दोनच प्रकार, बरा झालेला आणि बरा न झालेला, असं मानणं चूक आहे. निदान झालं की एक ऋतू सुरू होतो, उपचारांचा. उपचार संपले की दुसरा ऋतू, वाट बघण्याचा. त्यात औषध नसतं, पण भीती मोठी असते. तो ओलांडला की तिसरा. आपल्याकडं काय होतं, तर पहिल्या ऋतूत सगळं गाव धावतं. गाडी मिळते, डबा मिळतो, गटाचं कर्जही मिळतं. दुसऱ्या ऋतूत बाई एकटी असते. बरी झाली ना, मग कामाला लाग. कापूस वेचायला चल.

आपल्या मराठवाड्याच्या कुशीतच एक मोठं काम झालं, तेही सांगते. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. तिथं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कर्करोग झाला, कुठं झाला, ती व्यक्ती पुढं जगली की गेली, हे सगळं वहीत उतरवायचं. शहरात दवाखान्याच्या नोंदी मिळतात. खेड्यात दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, तर नोंद कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. लोकांत बसले, लक्षणं सांगितली, ज्याच्यावर शंका आली त्याला रुग्णालयात आणलं. काही वर्षांत फरक दिसला. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग असलेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. नुसतं गावात जाऊन बोलल्यानं! गटाचं काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे कपाटावर लिहून ठेवावं.

पुढं १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या लोकांनी मोठी पाहणी केली. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका, आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. २००९ साली निकाल छापून आला : पिशवीच्या तोंडाची एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदा जरी केली तरी त्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. जगभरच्या डॉक्टरांनी हा निकाल वाचला. त्यामागं आपल्या मराठवाड्यातल्या बायका होत्या.

पण अंडाशयाच्या बाबतीत अजून तसं झालेलं नाही. इंग्लंडमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांची वर्षानुवर्षं रक्ताची आणि सोनोग्राफीची तपासणी केली. २०२१ साली निकाल आला की त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून निरोगी बाईला ‘ही तपासणी करा, अंडाशयाचा कर्करोग होणार नाही’ असं कुणी पत्रक देऊन सांगितलं तर पर्स बंद ठेवा. पोट सतत फुगलेलं राहणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार लागणं, हे नव्यानं सुरू होऊन दोन-तीन आठवडे रोजचंच झालं तर डॉक्टरकडं जायचं. अ‍ॅसिडिटीच्या गोळीवर महिने काढायचे नाहीत.

भीतीचा धंदाही होतो, तेही बोलायला हवं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारी समितीपुढं आकडे आले : पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल,’ असं सांगितल्याचं त्यांतल्या अनेकींनी बोलून दाखवलं. आपल्या भागातूनही उसाच्या टोळ्या जातात, तेव्हा हे लांबचं नाही. पिशवी काढली तरी अंडाशय जागेवर असलं तर अंडाशयाचा धोका राहतोच. आणि तरुणपणी अंडाशयही काढलं तर हाडं ठिसूळ होतात, पाळी जाण्याचे त्रास अवेळी सुरू होतात. खऱ्या कर्करोगात ते काढावंच लागतं, तिथं वाद नाही. पण पांढरं जाण्यावर पिशवी काढणं हा इलाज नव्हे.

आता पुन्हा आपल्या बाईकडं. उपचार झाल्यावर तिला साधारण पहिली दोन वर्षं दर दोन ते चार महिन्यांनी, पुढची तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात. तारीख जवळ आली की घरात वाद, जेवण नको, पोरांवर ओरडणं. आमच्या एका गटातली ताई सांगते, ‘तारखेच्या आधीचा आठवडा मी माणसात नसते गं.’ तिची सगळी भीती एका आकड्यात अडकलेली. सीए-१२५. ही रक्ताची तपासणी १९८१ च्या सुमाराला अमेरिकेत रॉबर्ट बॅस्ट या डॉक्टरांच्या कामातून आली. प्रयत्न करता करता १२५ व्या नमुन्याला यश आलं म्हणून ते नाव. ३५ च्या खाली असलं की बायका सुटकेचा श्वास टाकतात. ११ चे १६ झाले की ताई रात्रभर जागी. आकडा ३५ च्या आतच असतो, तरी.

या आकड्याचाही इतिहास ऐका. आकडा वाढताच, काही त्रास नसतानाही केमो सुरू केली तर बाई जास्त जगते का, हे बघायला युरोपात मोठा अभ्यास झाला. २०१० साली निकाल आला. ५२९ बायकांचे दोन गट. एका गटाला आकडा वाढताच औषध, दुसऱ्या गटाला त्रास दिसू लागल्यावर. दोन्ही गट सारखेच जगले. उलट लवकर औषध घेतलेल्यांचे बरे दिवस लवकर संपले. हा अभ्यास जुन्या औषधांच्या काळातला आहे, आता नवी औषधं आली आहेत, म्हणून यावरून कुणी आपल्या मनानं तपासणी बंद करू नका. पण ‘आठ दिवस उशीर झाला, आता मी मेले’ असं मानायची गरज नाही, एवढं त्यातून नक्की घ्या. शिवाय हा आकडा पाळीच्या दिवसांत, पोटाच्या क्षयरोगात, इतरही कारणांनी वाढतो. किती वेळा तपासायचा, तपासायचा की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. हे विचारायचा हक्क आहे आपल्याला, हेच बऱ्याच जणींना माहीत नसतं.

मनीषा कोईराला या अभिनेत्रीला २०१२ साली हाच रोग झाला. न्यूयॉर्कला उपचार झाले. २०१८ साली तिनं त्यावर पुस्तक लिहिलं. आज ती काम करते आहे. तिच्याकडं पैसा होता, हे खरं आहे, आणि ते बाजूला ठेवून ‘बघा ती कशी हसतमुख’ असं आपल्या ताईला सांगणं मला पटत नाही. हसतमुख राहण्याचाही एक जाच असतो. भीती वाटते असं म्हणायला जागा पाहिजे. त्या ताईनं एकदा बैठकीत सांगून टाकलं, ‘मला मरायची भीती नाही, पुन्हा त्या खुर्चीवर सलाइन लावून बसायची आहे.’ कुणी काही बोललं नाही. शेजारच्या आक्कानं तिचा हात धरला. पुढच्या तारखेला आक्का तिच्याबरोबर गेली.

सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. औरंगाबादला, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरला, सरकारी कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं, त्यामुळं प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. मुंबईला जावंच लागलं तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कर्करोगाचे रुग्ण आणि नातेवाईक तिथं उतरतात. २०१२ सालीच सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेचं नाव आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात ऑपरेशन आणि केमो बसते. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेतही कर्करोगाच्या रुग्णाला सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो.

तरी बायका तपासण्या चुकवतात. पिंपळगावहून संभाजीनगरला जाऊन यायचं तर दिवस जातो. ताईची रोजची मजुरी बुडते, बरोबर येणाऱ्याची बुडते. कोणत्याच योजनेत ही बुडालेली मजुरी बसत नाही. आणि काही जणी पैशामुळे चुकवत नाहीत. काही निघालं तर, या धास्तीनं चुकवतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, घरातले म्हणतात आळस केला.

आमच्या गटांच्या वहीत कर्जाच्या कारणांचा रकाना आहे : शेळी, बियाणं, शिलाई मशीन, लग्न, आजारपण. आजारपण म्हणजे दवाखान्यात भरती, असंच सगळ्या धरतात. बरी असताना तपासणीला जायचं तर त्याला कारण काय लिहायचं, असा प्रश्न मागच्या महिन्यात एका गटाच्या सचिवांनी विचारला. एक जण म्हणाली, ‘आजार नाही तर कर्ज कशाला?’ दुसरी म्हणाली, ‘शेळीला लस टोचतो ती काय आजारी असते म्हणून?’ त्यावर हसू झालं, पण ठराव काही झाला नाही. येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत विषय ठेवला आहे. तपासणीच्या भाड्यासाठी ₹५०० पर्यंत बिनव्याजी द्यायचे, आणि बरोबर जाणाऱ्या बाईची पाळी लावायची. तुमच्या गटात असं काही केलं असेल, तर कसं केलं ते रेडिओच्या पत्त्यावर कळवा. व्याजाचा हिशेब कसा बसवला तेही लिहा, आमचं घोडं तिथंच अडलंय.